जुन्या फोनची मेमरी फुल झाली? पावसाळ्याआधी जागा कशी मोकळी करायची आणि काय अजिबात डिलीट करायचं नाही

पावसाळा जवळ आला की चिपळूणच्या बाजारपेठेत आवराआवर सुरू होते. दुकानातला माल वरच्या फळीवर जातो. घरातली महत्त्वाची कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर ठेवली जातात. जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ असे दोन मोठे पूर पाहिलेल्या शहराला ही तयारी कोणी शिकवावी लागत नाही.

या तयारीत एक वस्तू मात्र बहुतेक वेळा राहून जाते. ती म्हणजे खिशातला फोन.

२०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा वीज गेली, मोबाइल नेटवर्कही कोलमडलं. पाणी ओसरल्यावर पंचनामे आणि विम्याचे दावे सुरू झाले. अशा वेळी नुकसानीचे फोटो मोठा आधार ठरतात. त्याच क्षणी कॅमेरा उघडल्यावर स्क्रीनवर ‘स्टोरेज फुल’ आलं तर? घाईघाईत समोर दिसेल ते डिलीट केलं जातं, आणि नेमकं जे जपायचं तेच जातं.

म्हणून हे काम पाऊस सुरू होण्याआधी, घरी वाय-फाय किंवा चांगलं नेटवर्क असताना, शांतपणे करायचं. ते कसं करायचं, हे टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

जागा संपली की नेमकं काय अडतं?

फक्त फोटो निघत नाहीत, एवढंच नाही. अँड्रॉइड फोनमधली जागा पूर्ण संपली तर फोन नवीन एसएमएस घेणंही थांबवू शकतो. म्हणजे बँकेचा ओटीपी येत नाही आणि दोष नेटवर्कला दिला जातो. व्हॉट्सॲपवरचे फोटो डाउनलोड होत नाहीत, ॲप अपडेट होत नाहीत. हवामान आणि आपत्तीचे इशारे देणारं ‘सचेत’सारखं सरकारी ॲप नव्याने टाकायचं असेल, तर तेही अडतं.

फोन हळू होण्याचं एक कारणही इथेच आहे. फोनमधल्या मेमरीत नवीन माहिती लिहिण्याआधी जुन्या माहितीचा भाग पुसावा लागतो. रिकामी जागा भरपूर असली की हे काम मागच्या मागे उरकतं. जागा कमी पडली की प्रत्येक वेळी आधी पुसा, मग लिहा असं होतं आणि फोन अडखळायला लागतो.

३२ जीबीचा फोन, मग ३२ जीबी का मिळत नाही?

याची दोन कारणं आहेत. पहिलं, कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. काही फोन आणि कॉम्प्युटर मात्र १,०२४ च्या पटीत मोजतात. त्यामुळे ३२ जीबी तिथे साधारण २९.८ इतकीच दिसते. दुसरं, फोन चालवणारी सिस्टीम आणि आधीपासून टाकलेली ॲप्स काही जीबी जागा घेतात. हा भाग काढता येत नाही.

म्हणजे जुन्या १६ किंवा ३२ जीबीच्या फोनमध्ये आपल्या वाट्याला येणारी जागा मुळातच कमी असते. ॲप्स मात्र प्रत्येक अपडेटबरोबर मोठी होत जातात. फोन तोच, सवयी त्याच, तरी मेमरी भरते ती यामुळे.

सुरुवात कुठून करायची?

सेटिंग्जमध्ये जाऊन ‘स्टोरेज’ उघडा. ॲप्स, फोटो, व्हिडिओ, डाउनलोड यांनी किती जागा घेतली आहे ते तिथे दिसेल. सगळ्यात मोठा आकडा कशापुढे आहे ते पाहा आणि तिथून सुरुवात करा. ५० फोटो एकेक करून उडवण्यापेक्षा एक मोठा व्हिडिओ हलवल्याने जास्त जागा मिळते. फुल एचडी व्हिडिओचं एक मिनिट साधारण १०० ते १३० एमबी घेतं. एक फोटो साधारण ३ ते ५ एमबी.

पुढचं सगळं काम एका साध्या प्रश्नावर चालतं: ही गोष्ट गेली तर परत मिळेल का?

टप्पा १: परत मिळणाऱ्या गोष्टी बिनधास्त काढा

- ऑफलाइन व्हिडिओ आणि गाणी: यूट्यूब किंवा इतर ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवलेलं, पाहून झालेलं सगळं.
- डाउनलोड फोल्डर: एकच पीडीएफ चार-चार वेळा उतरवलेली असते. लाइटबिलं, निकाल, लग्नपत्रिका सगळं इथेच साठतं. हव्या त्या फाइल बाजूला काढून बाकीच्या उडवा.
- न वापरलेली ॲप्स: प्ले स्टोअरमध्ये ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’मध्ये कोणतं ॲप किती जागा घेतं ते कळतं. सहा महिन्यांत न उघडलेलं ॲप काढा. लागलं तर पुन्हा टाकता येतं.
- ॲपची कॅश: सेटिंग्ज, ॲप्स, मग ते ॲप आणि ‘क्लिअर कॅश’. कॅश म्हणजे ॲपने वेग वाढावा म्हणून साठवलेली तात्पुरती माहिती. ती गेली तरी लॉगिन किंवा चॅट जात नाही. ती हळूहळू पुन्हा साठते, म्हणून हा कायमचा उपाय नाही.
- टेलिग्राम: इथल्या नेहमीच्या चॅटमधले फोटो-व्हिडिओ टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात. ‘स्टोरेज युसेज’मध्ये जाऊन कॅश काढली तरी ते पुन्हा उघडता येतात.
- कचरापेटी: गॅलरीतून डिलीट केलेले फोटो लगेच जात नाहीत. ते ‘ट्रॅश’मध्ये राहतात, बहुतेक फोनमध्ये ३० दिवस. ती रिकामी केल्याशिवाय जागा वाढत नाही. मात्र रिकामी करण्याआधी एकदा नजर टाका.

टप्पा २: व्हॉट्सॲप

अनेक घरांत सगळ्यात जास्त जागा इथेच गेलेली असते. भारतीयांच्या ‘गुड मॉर्निंग’ फोटोंनी फोन भरतात, हे गुगलच्या संशोधकांच्याही लक्षात आलं होतं आणि २०१८ च्या सुरुवातीला त्याची जगभर चर्चा झाली होती. कोकणात त्यात गणपतीच्या आरतीचे, शिमग्याच्या पालखीचे व्हिडिओ मिळवा. वाडीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, भावकीचा ग्रुप आणि मुंबईकर मंडळींचा ग्रुप. एकच व्हिडिओ चारही ठिकाणांहून येतो.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. तिथे ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या काढलेल्या असतात. खाली कोणत्या ग्रुपने किती जागा घेतली तेही दिसतं. फॉरवर्ड झालेल्यांपासून सुरुवात करा, कारण त्यात आपलं स्वतःचं काही नसण्याची शक्यता जास्त.

इथे एक सावधगिरी हवी. व्हॉट्सॲपवर आलेला जुना फोटो फोनमधून डिलीट केला तर तो पुन्हा डाउनलोड होईलच असं नाही. त्यामुळे ग्रुपमध्ये कोणी पाठवलेला आजीचा एकुलता एक फोटो याच ढिगात नाही ना, ते पाहून मगच बटण दाबा.

मग पुन्हा भरू नये म्हणून दोन गोष्टी करा. ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ बंद करा. फोटो हवा असेल तर त्यावर टॅप करून उतरवता येतो. आणि ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करा, म्हणजे ग्रुपमधले फोटो गॅलरीत मिसळत नाहीत. यातल्या दुसऱ्या गोष्टीने जागा वाचत नाही, पण आपले फोटो शोधणं सोपं होतं.

टप्पा ३: परत न मिळणाऱ्या गोष्टी. आधी कॉपी, मग डिलीट

घरचे फोटो, मुलांचे व्हिडिओ, कोणाचा तरी शेवटचा व्हॉइस मेसेज. या गोष्टी जगात दुसरीकडे कुठे नसतात. त्यांना हात लावण्याआधी दुसरी प्रत हवीच.

गुगल फोटोज वापरत असाल तर: १ जून २०२१ पासून इथली अमर्याद मोफत साठवण बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी मोफत मिळते. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही आता यातच मोजला जातो. बॅकअप पूर्ण झाल्याची खात्री करा आणि मग ‘फ्री अप स्पेस’ वापरा. हा पर्याय फोनमधली प्रत काढतो, ऑनलाइन प्रत ठेवतो.

इथे अनेकांची चूक होते. ‘फ्री अप स्पेस’ न वापरता फोटो थेट डिलीट केला तर बॅकअप झालेला फोटो ऑनलाइनही डिलीट होतो. तो कचरापेटीत ६० दिवस राहतो आणि मग कायमचा जातो. दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याच्या फोटोंचा बॅकअप चालू असला तरी व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा असेलच असं नाही. तो सेटिंग्जमध्ये वेगळा चालू करावा लागतो.

पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड: ओटीजी चालणारा पेन ड्राइव्ह बहुतेक अँड्रॉइड फोनला थेट जोडता येतो. इंटरनेट लागत नाही. फाइल कॉपी करा, पेन ड्राइव्हवरून दोन-चार फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून पाहा आणि मगच फोनमधून काढा. थेट ‘मूव्ह’ करू नका, कारण मध्येच पिन सुटली तर फाइल खराब होऊ शकते. मेमरी कार्डची सोय असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो कार्डवर साठवण्याचा पर्याय निवडता येतो. पण कार्ड ही जास्तीची जागा आहे, बॅकअप नाही. फोन पाण्यात गेला तर कार्डही जाणार.

पेन ड्राइव्ह त्याच तळमजल्यावरच्या कपाटात ठेवला तर तोही पाण्यातच. चिपळूणला हे नवीन नाही. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराच्या ग्रंथसंपदेला पुराचा फटका बसला आहे. छापलेल्या दुर्मिळ पुस्तकाची दुसरी प्रत मिळणं कठीण. फोटोची प्रत मात्र दहा मिनिटांत होते. एक प्रत मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांकडे ठेवली, तर पूर तिथपर्यंत पोहोचत नाही.

आयफोन असेल तर: सेटिंग्ज, जनरल, आयफोन स्टोरेज इथे यादी दिसते. ‘ऑफलोड ॲप’ने ॲप जातं, त्यातली माहिती राहते. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोनवरून डिलीट केलेला फोटो सगळीकडून जातो, हे लक्षात ठेवा.

काय अजिबात करू नका

- ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ दाबू नका. हे ‘क्लिअर कॅश’च्या शेजारीच असतं. व्हॉट्सॲपवर दाबलं तर बॅकअप नसलेले चॅट जाऊ शकतात. यूपीआय ॲपवर दाबलं तर नंबरची पडताळणी पुन्हा करावी लागते, आणि त्यासाठी सिमवरून एसएमएस जावा लागतो. नेटवर्क नसताना इथेच अडकायला होतं.
- अनोळखी ‘क्लीनर’ आणि ‘बूस्टर’ ॲप टाकू नका. ती स्वतः जागा घेतात, जाहिराती दाखवतात आणि नको त्या परवानग्या मागतात. गुगलचं ‘फाइल्स’ किंवा फोनमध्ये आधीच असलेलं फाइल मॅनेजर पुरतं.
- न समजणारे फोल्डर उडवू नका. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये ‘डेटाबेसेस’ नावाचा भाग असतो. त्यात चॅटचा फोनवरचा बॅकअप असतो.
- दावा निकाली निघेपर्यंत नुकसानीचे मूळ फोटो काढू नका. मूळ फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ नोंदलेली असते, लोकेशन चालू असेल तर ठिकाणही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही नोंद निघून जाते आणि फोटो बारीकही होतो. तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल आहे तशी जाते.

मग किती जागा मोकळी असावी?

हिशोब सोपा आहे. १ जीबीमध्ये ४ एमबीचे साधारण २५० फोटो मावतात, किंवा फुल एचडी व्हिडिओची जेमतेम ८ ते १० मिनिटं. घर, दुकान, गाडी, सामान यांचे फोटो आणि थोडे व्हिडिओ धरले तर पावसाळ्यात २ ते ३ जीबी मोकळी असलेली बरी. ते जमत नसेल तर कॅमेऱ्याचं व्हिडिओ रिझोल्यूशन कमी करून ठेवा. पंचनाम्यासाठी लांबलचक व्हिडिओपेक्षा स्पष्ट फोटो जास्त उपयोगी पडतात.

याच मोकळ्या जागेत एक काम आधीच करून ठेवता येतं. दुकानातल्या मालाचे, घरातल्या मोठ्या वस्तूंचे आणि बिलांचे फोटो कोरड्या दिवसांत काढा. पुरानंतरचा फोटो काय खराब झालं ते दाखवतो. आधी काय होतं, हे आधीच्याच फोटोतून दिसतं. आधार, वाहनाची आरसी, लायसन्स यांसारखी कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये घेतली, तर त्यांचे फोटो गॅलरीत साठवायचीही गरज राहत नाही. कागद भिजले तरी ती दुसऱ्या फोनवरून उघडता येतात.

थोडक्यात

परत मिळेल ते आधी काढा. परत न मिळणाऱ्याची प्रत करा, ती उघडून पाहा आणि मगच फोनमधून काढा. एक प्रत पाण्यापासून लांब, दुसऱ्या घरी ठेवा. जून उजाडण्याआधी एका रविवारी तासभर दिला तर हे सगळं होतं. घरातल्या ज्येष्ठांचा फोन मात्र विसरू नका. सगळ्यात जुना हँडसेट बहुतेक त्यांच्याकडे असतो, आणि घरातले सगळ्यात जुने फोटोही.