बागेतल्या उपनगरातले बालपण

मँचेस्टर हे नाव आपल्या पणजोबांना कापडावरच्या शिक्क्यावरून ठाऊक होते. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात तिकडचा कापूस आटला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरातून त्या गिरण्यांकडे गेला, हाही इतिहास आपल्या परिचयाचा आहे. त्या गिरण्यांत राबणारी माणसे राहत कशी आणि त्यांची पोरे वाढत कशी, याकडे मात्र आपले फारसे लक्ष गेले नाही. आज मी त्या पोरांविषयी बोलणार आहे. त्यातही मँचेस्टरच्या दक्षिणेस वसलेल्या विथेनशॉ नावाच्या एका उपनगरातल्या पोरांविषयी.

एंगल्सने १८४५ साली आपल्या ग्रंथात मँचेस्टरच्या कामकरी वस्त्यांचे जे वर्णन केले, ते प्रसिद्धच आहे. पुढे ऐंशी वर्षे लोटली तरी अँकोट्स, ह्यूम या भागांत एकमेकांना खेटून उभी राहिलेली घरे, अंगणाच्या टोकाचा शौचकूप आणि शनिवारी चुलीपुढे मांडलेले पत्र्याचे घंगाळ, हे पुष्कळ अंशी तसेच होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या कायद्याने, नगरपालिकांवर घरे बांधण्याची जबाबदारी आली. मँचेस्टरला जागा हवी होती, आणि ती मर्सी नदीपलीकडे, चेशायर परगण्याच्या शेतांत होती. १९२६ साली नगरपालिकेने तेथे सुमारे अडीच हजार एकर जमीन विकत घेतली. त्याच वर्षी अर्नेस्ट सायमन आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी विथेनशॉची जुनी हवेली आणि तिच्याभोवतीचे अडीचशे एकरांचे उद्यान स्वतः खरेदी करून शहराला देऊन टाकले. दानशूर म्हणवणाऱ्यांची नावे आपण पाटीवर पुष्कळ पाहतो; येथे दान पाटीपेक्षा मोठे होते, एवढे म्हणून पुढे जातो.

आराखडा बॅरी पार्कर यांनी केला. लेचवर्थचे उद्याननगर ज्या दोघांनी आखले, त्यांतले ते एक. एका एकरात बाराच्या वर घरे नाहीत, जुनी झाडे तोडायची नाहीत, प्रत्येक घराला पुढे-मागे बाग, आत न्हाणीघर, असा हा बेत. १९३१ साली हा सारा प्रदेश मँचेस्टर शहरात सामील झाला आणि घरे भराभर उठू लागली.

आता मुलांकडे वळू. १९७० च्या दशकात इंग्लंडात सामान्य माणसांच्या आठवणी ध्वनिफितीवर घेण्याचा उद्योग जोरात सुरू झाला. मँचेस्टर पॉलिटेक्निकमध्येही तो चालला. त्यापूर्वी इतिहासकार राजवाड्याच्या दप्तरात डोके घालून बसत. आता ते म्हाताऱ्या गिरणीकामगारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. आठ-दहा वर्षांचे मूल कोंदट गल्लीतून अशा घरात आले, की त्याच्या मनावर काय कोरले जाते? तोटी फिरवताच येणारे गरम पाणी. स्वतःच्या घराच्या भिंतीपलीकडे रिकामी जागा. कुंपणापलीकडे चरणाऱ्या गाई. १९३८ साली रिंगवे विमानतळ उघडला, तेव्हा शेतावरून उडणारी विमाने. आराखड्याच्या कागदावर ‘मोकळी जागा’ हे दोन शब्द असतात. मुलाच्या लेखी त्यांचा अर्थ ओढा, चिखल आणि चोरून खाल्लेली सफरचंदे असा होतो. पार्करचा हिशेब बरोबर होता की नाही, याचा उत्तम साक्षीदार हे मूलच, असे मला वाटते.

पण ही साक्ष अर्धी आहे. मुलाला भाडे भरावे लागत नाही. नव्या घराचे भाडे जुन्या खोलीपेक्षा अधिक. कामावर जायचे तर सात-आठ मैल, म्हणजे बसचे रोजचे पैसे. दुकाने कमी, शाळा घरांच्या मागून येणार, चार माणसांनी बसावे असा गुत्ताही दुर्मीळ. जुन्या गल्लीत दोन घरे सोडून आई राहत असे, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार शुक्रवारपर्यंत उधारी देत असे. येथे दोन्ही नाहीत. म्हणूनच अगदी गरीब कुटुंबे विथेनशॉला फार आली नाहीत, आली ती बहुधा जरा बऱ्या मजुरीची.

गरिबांना तसल्याच घरांत नेले तर काय होते, याचा एक दाखला उत्तर इंग्लंडातच, टीज नदीकाठच्या स्टॉक्टन गावी आहे. तेथे १९२७ साली एका घाणेरड्या वस्तीतली कुटुंबे माउंट प्लेझंट नावाच्या नव्या वसाहतीत हलविली. गावचे आरोग्याधिकारी डॉ. मॅकगॉनिगल यांनी दोहोंकडचे मृत्यू मोजले. हवा शुद्ध, न्हाणीघर चकचकीत, आणि मृत्यूचे प्रमाण मात्र वाढलेले! जुन्या जागी राहिलेल्यांत ते तसे वाढले नव्हते. डॉक्टरांनी घराघरांतला खर्च पाहिला, तेव्हा उलगडा झाला: भाडे वाढले, तितके अन्न ताटातून कमी झाले. हा सारा प्रकार त्यांनी १९३६ साली ग्रंथरूपाने मांडला. घर चांगले असूनही माणसे अधिक मरतात, हे ऐकून अनेक सद्गृहस्थांना तेव्हा राग आला. आकड्यांवर रागावण्याची रीत सर्वच देशांत आहे.

आता त्या मुलाच्या आठवणीतली गरम पाण्याची तोटी आणि डॉक्टरांचे आकडे यांतले खरे काय? दोन्ही. आई सर्वांच्या मागून जेवायला बसते. तोवर मूल अंगणात खेळायला गेलेले असते. त्याच्या आठवणीत अंगण येते, ताट येत नाही. म्हणून बालपणीच्या आठवणी वाचताना शेजारी भाड्याची वही उघडी ठेवावी. आणि नुसती भाड्याची वहीच वाचणाऱ्याने त्या ओढ्याकडे एकदा जाऊन यावे, कारण ओढाही तितकाच खरा होता.

आणखी एक गोष्ट. पार्करने मधून काढलेला झाडांचा रुंद रस्ता बगिच्यासारखा असावा, अशी त्याची कल्पना होती. १९७० च्या सुमारास त्याच्या दक्षिणेकडील भागाचा मोटारमार्ग झाला. वाचनालय, पोहण्याचा तलाव आणि नाट्यगृह असलेले ‘फोरम’ १९७१ साली उघडले, म्हणजे पहिली घरे भरून चाळीस वर्षे होत आली तेव्हा. शहराची ट्राम विथेनशॉत आली ती २०१४ साली; १९३२ साली चिखल तुडवीत शाळेला गेलेले मूल तोवर नव्वदीच्या घरात पोचले होते.