रिपोर्टातले दोन 'ओ'

लॅबच्या रिपोर्टात 'एएसओ टायटर' छापलेले असते. त्यातला 'ओ' कुणाला शून्य वाटतो, कुणाला रक्तगट. तो दोन्ही नव्हे. पूर्ण नाव अँटीस्ट्रेप्टोलायसिन-ओ. ग्रीकमध्ये 'स्ट्रेप्टोस' म्हणजे पिळलेले. माळेसारखा राहणाऱ्या जंतूला ते विशेषण चिकटले. 'लायसिस' म्हणजे सुटणे, विरघळणे. घसा धरणारा हा जंतू तांबड्या पेशी फोडणारी दोन विषे सोडतो. एक ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून 'ओ'. दुसरे सीरमच्या साहाय्याने विरघळून येते, म्हणून 'एस'. गंमत पाहा, रक्त घातलेल्या आगरवर जंतूच्या ठिपक्याभोवती जे स्वच्छ कडे उमटते ते मुख्यतः 'एस'चे काम. पण त्याच्याविरुद्ध शरीर अँटीबॉडी बनवतच नाही. त्यामुळे तपासणीला नाव लागले ते 'ओ'चे.

टायफॉइडच्या विडाल तपासणीतही 'ओ' आहे, पण त्याचा ऑक्सिजनशी काडीचा संबंध नाही. तो जर्मन आहे. प्रोटियस नावाचा जंतू आगरवर पसरला की आरशावर श्वास सोडल्यासारखा धुरकट थर दिसतो. श्वासाला जर्मनमध्ये 'हाउख'. शेपटी नसलेले जंतू असे पसरत नाहीत, ते 'ओने हाउख', श्वासाविना. तेव्हापासून शेपटीचा तो 'एच' आणि अंगावरच्या आवरणाचा तो 'ओ'. विडालमधला 'ओ' टायफॉइडच्या जंतूच्या अंतर्विषाचाच भाग असतो: शर्करेची लांब साखळी. खरे विष तिच्या मुळाशी, मेदात.

'टायटर' फ्रेंच 'तित्र'वरून आला. सोन्याचांदीच्या कसाला तिथे हाच शब्द आहे. कस लागतो तो मात्र अँटीबॉडीचा. विष या दोन्ही रिपोर्टांत मोजलेलेच नसते. एएसओ घसा धरल्यानंतर आठवड्याभराने चढू लागतो, तीन ते पाच आठवड्यांत शिगेला पोचतो आणि कित्येक महिने रेंगाळू शकतो. म्हणून गुडघे दुखणाऱ्या पोराचा एएसओ वाढलाय एवढ्यावर ऱ्हुमॅटिक ताप ठरवणे चूक. विडालचेही तेच, मागे होऊन गेलेला ताप किंवा घेतलेली लससुद्धा तिचा आकडा वाढवू शकते. टायफॉइडचा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर करायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.