चुलीची परीक्षा

सुधारित चूल खरंच सुधारली का, हे ठरवलं कुणी आणि कसं, ते आज बघू.

१९८२ साली अमेरिकेत आर्लिंग्टनला जाणकार जमले. चुली तपासायच्या तीन पद्धती त्यांनी ठरवल्या. पहिली पाण्याची: लाकूड तोलून जाळायचं, मोजलेल्या पाण्याला उकळी किती वेळात येते ते पाहायचं. दुसरीत ठरलेला पदार्थ शिजवायचा. तिसरी खऱ्या घरात, काही दिवस रोजचं सरपण तोलायचं. पाण्याची सोपी, म्हणून तिचंच चलन जास्त. पण पाण्यावरून भाकरीचा अंदाज कसा यावा? तिला आधी तव्याखाली पसरलेला जाळ लागतो, मग चुलीच्या तोंडाशी ओढलेले निखारे. तोंड अरुंद केलं की निखारे ओढायचे कुठे?

आपल्याकडे १९८३ ला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. २००२ पर्यंत तीन कोटींवर चुली दिल्या गेल्या. भर वाटपाच्या आकड्यावरच राहिला, असं आम्हाला वाटतं.

पुढे ओडिशात संशोधकांनी अशा चुलींचा चार वर्षं माग ठेवला. बायकांच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. पहिल्या वर्षी धूर कमी भरला. नंतर फरक उरला नाही. सरपणही वाचलं नाही. प्रयोगशाळेत याच प्रकारची चूल पास झाली होती! घरात मात्र तिची डागडुजी राहिली, वापर सुटत गेला.

आता गटात कुणी नवी चूल दाखवायला आलं, की आम्ही विचारतो: किती घरांत, किती दिवस सरपण तोललंत? आणि धुराडं कोण साफ करणार?