रंगो बापूजींची १४ वर्षं आणि आपला अर्ज

मंडळी, सातारा असो वा सांगली, कचेरीत तक्रार दिलेल्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. अर्ज वर जातो, वरून "योग्य त्या कार्यवाहीसाठी" खाली येतो आणि फिरून त्याच टेबलावर पडतो, ज्याच्याविरुद्ध तो होता!

हे दुखणं आजचं नाही. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. दाद मागायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळपास १४ वर्षं तिथे झगडले. कंपनीचे संचालक, भागधारक, पार्लमेंट, सगळे दरवाजे ठोठावले. काही इंग्रज त्यांच्या बाजूने बोललेही. पण अन्याय केला कंपनीने आणि अर्ज ऐकायचा तोही कंपनीनेच! १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले, पुढच्या वर्षी साताऱ्याचं राज्य खालसा झालं. १८५३ मध्ये रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले.

याच मातीत उलटं उदाहरणही आहे. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पेशव्यांचे न्यायाधीश. पण नारायणराव पेशव्यांच्या खुनात त्यांनी राघोबादादांना दोषी धरलं आणि पद सोडलं. पगार देणाऱ्यालाच दोषी ठरवायची हिंमत त्यांच्यात होती, पण अशी हिंमत दर पिढीत जन्मेल याची खात्री कोण देणार? म्हणून व्यवस्थाच स्वतंत्र लागते. स्वीडनने १८०९ मध्येच कारभाराविरुद्धच्या तक्रारींसाठी 'ओम्बुड्समन'ची तरतूद केली ती यासाठीच.

शिवाय न्याय जवळही हवा. १९४३ ते ४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने (तेव्हा सांगलीचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता) गावोगावी न्यायदान मंडळं चालवली. वकील नाही, स्टॅम्प नाही, तंटा गावातच मिटायचा.

आता आपल्या लोकायुक्तांकडे या. कायदा १९७१ चा, काम सुरू झालं १९७२ मध्ये. लोकायुक्त प्रत्यक्ष कामाला लावणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य! नेमणूक राज्यपाल करतात, माणूस निवृत्त न्यायमूर्ती. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्या हाताखालचा नाही. भ्रष्टाचाराचीच नव्हे, तर काम अडवलं, विनाकारण उशीर केला अशीही तक्रार चालते.

मग अडतं कुठे? एक, कार्यालय मुंबईत. दोन, लोकायुक्त शिफारस करतात, हुकूम नाही. तीन, १९७१ च्या कायद्याने मुख्यमंत्र्यांना बाहेर ठेवलं. त्यांना कक्षेत आणणारं नवं विधेयक विधानसभेत २०२२ आणि विधान परिषदेत २०२३ च्या डिसेंबरात मंजूर झालं, तेही दोन तृतीयांश आमदारांच्या संमतीची अट घालून.

जिल्ह्यात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. चांगलाच आहे, पण तिथे ऐकणारं प्रशासनच. लोकायुक्तांची सुनावणी वर्षातून काही वेळा सातारा-सांगलीत का होऊ नये? आपल्या आमदारांना हे विचारायला हवं.

तोवर एवढं करा. अर्जाची पोच घ्या, तारीख जपा. जुन्या कायद्यात गाऱ्हाण्यासाठी मुदत १२ महिन्यांचीच आहे. रंगो बापूजींना लंडन गाठावं लागलं, आपल्याला निदान पोस्टाने मुंबई गाठता येते.

तुमचा अर्ज किती दिवसांपासून फिरतोय? कमेंटमध्ये सांगा.