पगाराआधीच वाटलेला पगार

महिन्याचा पगार रोख काढायचा, भाडं, किराणा, दूध, औषधं, सणवार अशी पाकिटं करायची आणि एखादं पाकीट रिकामं झालं की तो खर्च पुढच्या पगारापर्यंत बंद ठेवायचा, ही घरखर्चाची पद्धत आज नवी म्हणून शिकवली जाते. तिचं कौतुक होतं ते शिस्तीसाठी. ज्याला हे जमत नाही तो उधळ्या, असा शेरा त्या कौतुकातच दडलेला असतो. मुंबईच्या गिरणगावाचा जमाखर्च तपासला, तर या शेऱ्याला आधार सापडत नाही. पाकीट भरायचं तर पैसा आधी यावा लागतो आणि खर्च नंतर व्हावा लागतो. गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत गिरणी कामगाराच्या घरात हा क्रम नेमका उलटा होता. वाटणी तिथेही काटेकोर होती. पण ती पगार होण्याआधीच झालेली असे, आणि ती करणारे हात दुसऱ्यांचे असत.

याचा सर्वांत भक्कम पुरावा सरकारी आहे. मुंबई सरकारच्या कामगार खात्याने १९२१-२२ मध्ये शहरातल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी लिहिलेला तिचा अहवाल १९२३ मध्ये निघाला. २,४७३ कुटुंबं आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष यांचे जमाखर्च त्यात आहेत. कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न बावन्न रुपयांच्या आसपास. त्यातला निम्म्याहून अधिक खर्च अन्नावर, तर भाड्यावर आठ टक्क्यांहून थोडा कमी. ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती आणि कर्जाचा आकडा साधारण अडीच महिन्यांच्या कमाईएवढा होता. हे कर्ज कुठून सुरू होतं ते पगाराच्या तारखेकडे पाहिलं की कळतं. गिरण्यांत पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. कोकणातून आलेला माणूस एक तारखेला साच्यावर उभा राहिला, तर पहिला पैसा दिसेपर्यंत सहा आठवडे जात. एवढे दिवस तो जेवणार काय? वाण्याच्या वहीत त्याचं नाव पहिल्याच दिवशी चढे. मग पगार झाला की तो मागची बाकी चुकवण्यात जाई आणि चालू महिन्याचा किराणा पुन्हा उधारीवर. नोकरीच्या पहिल्या दिवशी मागे पडलेले ते सहा आठवडे पुढे वर्षानुवर्षं भरून निघत नसत.

एकट्या पुरुषांची वाटणी तर अधिकच ठरलेली. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली असे. भाडं डोक्यावर वाटलेलं, ट्रंक आणि वळकटी ठेवण्यापुरती जागा, पाळीप्रमाणे झोपणं. जेवण खाणावळीत, तेही महिन्याच्या हिशेबाने. खाणावळ चालवणारी बाई स्वतः वाण्याकडून धान्य उधार आणी, म्हणजे कामगाराच्या न झालेल्या पगारावर दोन घरं आधीच तोलून उभी असत. उरलेल्यातून गावी मनीऑर्डर. पाहणीतले एकटे पुरुष कमाईचा सुमारे चौथा हिस्सा घरी पाठवत होते. मनीऑर्डर आपल्याकडे १८८० मध्ये टपाल खात्याकडे आली, आणि तिच्या फॉर्मच्या टोकाला मजकुरासाठी थोडी जागा राखलेली असे. एवढे सावकाराला, एवढे लावणीच्या मजुरीला, बाकीचे घरात, असं त्या जागेत लिहून देता येई. पाकिटांच्या पद्धतीचं याहून शुद्ध रूप शोधून सापडणार नाही. फरक एवढाच, की पाकिटं उघडणारी बायको दोनशे मैलांवर असे.

यावर त्या काळच्या गिरणीमालकांचा आणि सुधारकांचाही आक्षेप ठरलेला होता: कामगार लग्नकार्यात आणि दारूत पैसा उडवतात, म्हणून कर्जात बुडतात. यात काहीच तथ्य नव्हतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. लग्न आणि मयत ही कर्जाची मोठी कारणं होतीच, आणि पगाराच्या दिवशी गुत्ते ओस पडत नसत. पण कर्ज कशासाठी काढलं हा एक प्रश्न, ते फिटत का नाही हा दुसरा. नेहमीचा व्याजदर महिन्याला रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के. अडीच महिन्यांची कमाई म्हणजे सुमारे १३० रुपये. त्यावर या दराने महिन्याचं व्याज आठ रुपये दोन आणे. खोलीचं भाडं सरासरी चार रुपये! भाड्याच्या दुप्पट रक्कम जिथे केवळ मुद्दल जागच्या जागी ठेवायला लागते, तिथे दारू सोडलेल्या माणसाचंही पाकीट भरत नाही. आणि काटकसर या घरांत नव्हती असंही नाही. चार पैसे सुटले की बाई डोरलं किंवा मणी करून घेई. सोनं सहजासहजी मोडलं जात नाही, म्हणून बचतीला ते पाकिटापेक्षा पक्कं. मात्र अडचणीत तेच मारवाड्याकडे गहाण पडे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. पगाराची तारीख हेच मूळ असेल, तर जिथे पगार लवकर होई तिथे कर्ज कमी दिसायला हवं. लंडनच्या लॅम्बेथमधल्या मजूर घरांवर मॉड पेंबर रीव्ह्ज यांचं पुस्तक १९१३ मध्ये आलं. तिथे मजुरी आठवड्याची, आणि बायका तिच्यातून भाडं, कोळसा, मयतीचा विमा वेगळा काढताना दिसतात. इथवर माझा मुद्दा टिकतो. पण अहमदाबादच्या गिरण्यांत पगार पंधरवड्याच्या ‘हप्त्या’ने होत असे, आणि तिथल्या पाहणीत कर्जबाजारी कुटुंबांचं प्रमाण मुंबईपेक्षाही जास्त भरलं. म्हणजे तारीख हे अर्धंच उत्तर. हप्ताही काम झाल्यावर काही दिवसांनीच हाती पडे, हे एक. आणि किती पडेल याचा भरवसा नसे, हे जास्त महत्त्वाचं. मुंबईत बदली कामगार सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राही. जॉबरने, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाने, आत घेतलं तर दिवस भरला, नाहीतर परत. ज्याला महिन्यात किती खाडे पडतील हेच ठाऊक नाही, त्याने वाटणी कोणत्या रकमेची करायची? अशा घरात सगळं लवचीक ठेवणारी वाण्याची वही हाच शहाणपणाचा पर्याय होता, व्याजासकट.

हा क्रम पालटला तो कायद्यांनी आणि भांडणांनी. शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये पगार लवकर देण्याची शिफारस केली, आणि १९३६ च्या वेतन अदा कायद्याने मोठ्या कारखान्यांना पुढच्या महिन्याची दहा तारीख ही मुदत घातली. उशीर त्याने संपला नाही, त्याला फक्त कुंपण पडलं. महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधला गेला, आणि तो निर्देशांक १९३२-३३ मध्ये पुन्हा तपासलेल्या कामगारांच्या जमाखर्चावर बेतलेला होता. चाळीतल्या ज्वारी-तांदळाचा हिशेब असा मालकाच्या खतावणीत शिरला. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने वेतनश्रेणी ठरवून दिल्या आणि १९५२ पासून भविष्यनिर्वाह निधी पगार हाती येण्याआधीच कापला जाऊ लागला. कायम कामगाराच्या घरात डबे आणि पाकिटं दिसू लागली ती यानंतर. खाणावळवाल्या मात्र या सगळ्याच्या बाहेर राहिल्या. त्यांना ना पगार होता ना तारीख. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, ते त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून वाण्या-सावकाराच्या वहीतून सोडवण्यासाठी. सात वर्षांनी, जानेवारी १९८२ मध्ये, गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ज्यांच्या पगारावर त्या बायका कर्ज फेडत होत्या, त्यांचे पगारच थांबले.