निरीक्षक नसलेल्या वर्गाची पारख

बंगल्याच्या तळमजल्यावर, सोसायटीतल्या एखाद्या सदनिकेत, मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत, महाराष्ट्रात खासगी बालवाडी कुठेही निघू शकते. पहिलीचा वर्ग काढायला जितकी कागदपत्रे लागतात, तितकी इथे लागत नाहीत. याचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांबद्दल त्याचे अकरावे कलम एवढेच सांगते की, सरकार त्यांच्यासाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था करू शकते. सरकारला ही मुभा आहे, सक्ती नाही. प्रवेशासाठी देणगी घेण्याला आणि मुलांची वा पालकांची चाळणी लावण्याला तेरावे कलम मनाई करते. पण हा कायदा नर्सरीच्या सर्वसाधारण प्रवेशांना लागू होत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. तीन वर्षांच्या मुलाला रंग ओळखायला लावणारी आणि आईवडिलांना नोकरीबद्दल विचारणारी 'मुलाखत' अजून टिकून आहे, ती या पोकळीमुळे. नर्सरीच्या प्रवेशासाठीच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा, ही शिफारस केंद्र सरकारने नेमलेल्या यशपाल समितीने १९९३ मध्येच केली होती. २०२५ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांच्या नोंदणीसाठी पोर्टल उघडले. पण नोंदणी झाली म्हणजे वर्गात जाऊन कोणी पाहिले, असा अर्थ होत नाही.

तपासणीला साहेब येत नाहीत, त्या वर्गाची तपासणी पालकांनाच करावी लागते. ही जबाबदारी बहुतेक पालक फी, अंतर आणि शेजारणीचे मत यांवर निभावून नेतात.

बालवाडीची गुणवत्ता दोन थरांत पाहता येते. एक रचनेचा थर: जागा, मुलांची संख्या, पाणी, स्वच्छतागृह, वेळ. दुसरा व्यवहाराचा: ताई मुलांशी काय आणि कसे बोलतात, मूल अडले की काय करतात, रडले की काय करतात. पहिला थर मोजता येतो, म्हणून माहितीपत्रकात छापला जातो. दुसरा वर्गात बसल्याशिवाय दिसत नाही, आणि मुलाच्या वाढीशी त्याचाच जवळचा संबंध आहे. रचना वाईट असेल तर व्यवहार चांगला राहणे अवघड, हे खरे. पण रचना चांगली असली की व्यवहार आपोआप चांगला होतो, हे खरे नाही. वातानुकूलित वर्गातही मुलांना दोन तास हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसवता येते.

रचनेसाठी मोजपट्टी उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणाला जोडून आलेल्या गुणवत्ता मानकांत ३ ते ६ वर्षांच्या वीस मुलांमागे एक प्रौढ आणि तीन ते चार तासांचा दिवस सांगितला आहे. तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि ३० चौरस मीटर मोकळी जागाही. ३५ चौरस मीटर म्हणजे सुमारे ३७५ चौरस फूट. दहा बाय पंधरा फुटांच्या दिवाणखान्यात पंचवीस मुले बसवणारी नर्सरी या किमान मापाच्या निम्म्यालाही पोचत नाही, हे पालक जागेवर उभे राहून दोन मिनिटांत ताडू शकतात. वीसला एक या प्रमाणात मदतनीस मावशींना धरून आकडा सांगितला जातो का, हेही विचारावे. मावशी स्वच्छतागृहाकडे गेल्या की वर्गात प्रत्यक्ष किती प्रौढ उरतात, हा खरा आकडा.

वयाचा प्रश्न वरवर सोपा आणि आतून गुंतागुंतीचा आहे. राज्याच्या सध्याच्या नियमाप्रमाणे ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलाला त्याच वर्षीच्या जूनमध्ये नर्सरीत घेता येते. ४ पूर्ण होणाऱ्याला ज्युनियर केजीत, ५ ला सिनियर केजीत, ६ ला पहिलीत. म्हणजे डिसेंबरअखेरचे मूल अडीच वर्षांचे असताना दारात उभे राहते, तर त्याच वर्गातले जानेवारीचे मूल साडेतीनच्या उंबरठ्यावर असते. मोठ्या माणसांत एका वर्षाचे अंतर कोणाच्या लक्षातही येत नाही. या वयात मात्र ते धाकट्याच्या सबंध आयुष्याच्या एक तृतीयांशाहून अधिक असते. धाकट्याला शू सांगता येत नाही, चार जणांत आपली पाळी येईपर्यंत थांबता येत नाही, आणि त्याची नोंद पहिल्याच पालकसभेत 'जरा मागे आहे' अशी होते. ते मागे नसते, वयाने लहान असते. नियमातले वय किमान आहे. ते योग्य वय आहे असे नियमाने कुठे म्हटलेले नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यानच्या मुलांना एक वर्ष थांबवण्याचा विचार जरूर करावा. 'वर्ष वाया जाईल' या भीतीला या वयात काही आधार नाही.

बदलीची नोकरी असणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला ६ वर्षे पूर्ण असावी लागतात. राज्याच्या नियमाने लवकर चढलेले सप्टेंबरचे मूल सिनियर केजी संपवून तिथे गेले, तर पहिलीत बसत नाही आणि वर्षभर अडकते.

आता अभ्यासक्रम. इथे पालकांची सर्वांत मोठी फसगत होते, आणि ती बहुधा त्यांच्याच मागणीतून. पालकांना वही हवी असते. वहीत पान भरले की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते, शाळेलाही ते कळते, आणि अडीच-तीन वर्षांची मुले ठिपक्यांवरून अक्षरे गिरवू लागतात. लिहिणे ही हाताची क्रिया आहे आणि हाताचा विकास ठरलेल्या क्रमाने होतो. तीन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते आणि रेघ ओढताना सगळा हात खांद्यापासून हलवते. ताबा हळूहळू कोपरात, मग मनगटात आणि शेवटी बोटांत उतरतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची स्थिर पकड बहुतेक मुलांना चौथ्या ते सहाव्या वर्षांदरम्यान साधते. मनगटातली काही हाडे तर तेव्हाही पुरती घडलेली नसतात. कणीक मळणे, मटार सोलणे, ओला रुमाल पिळणे, मणी ओवणे, वाळूत बोटाने रेघा ओढणे यांतून ती पकड तयार होते. गिरवण्यातून चुकीची पकड पक्की होते, आणि ती पुढे सोडवणे शिक्षकांना जड जाते.

डोळ्यांचेही तेच. देवनागरीत घ आणि ध, म आणि भ यांना वेगळे करणारी खूण एवढीशी आहे: शिरोरेषा सलग की तुटलेली, टोकाला गाठ आहे की नाही. चित्रांतले फरक शोधणे, पाने आकारांप्रमाणे लावणे, ठिपक्यांची रांगोळी पाहून तशीच काढणे, हे ज्या डोळ्यांनी भरपूर केले आहे त्यांना ती खूण दिसते. कानाची तयारी बडबडगीतांत आणि भेंड्यांच्या खेळात होते, कारण शब्दाच्या शेवटी कोणता आवाज आला हे तिथे ओळखावे लागते. ज्या वर्गात ही तयारी चालते, तिथे घरी दाखवायला वही नसते. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने खेळ हीच तीन ते सहा वयाची शिक्षणपद्धत मानली आहे. पण जमिनीवरचे चित्र वेगळे. आसाम, राजस्थान आणि तेलंगण या राज्यांतल्या मुलांचा काही वर्षे मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी नर्सऱ्या म्हणजे पहिली-दुसरीचाच अभ्यास खालच्या वयावर लादणारे वर्ग आहेत, हे त्यातून दिसले. अंगणवाड्यांतही वयाला साजेसे शिक्षण फारसे आढळले नाही. महाराष्ट्र त्या अभ्यासात नव्हता. तरी आपल्याकडच्या नर्सरीच्या दप्तरात डोकावणाऱ्याला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. 

पाटीवरच्या नावावरूनही काही ठरवू नये. 'मॉन्टेसरी' हे नाव कोणीही लावू शकते. मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह उघडले आणि १९३९ पासून काही वर्षे त्या मद्रासजवळ अड्यारला राहून शिक्षक घडवत होत्या. त्यांच्या पद्धतीच्या खुणा सहज ओळखता येतात: तीन ते सहा वयाची मुले एकाच वर्गात, हाताला लागतील अशी उघडी कपाटे, प्रत्येक साधनाचा बहुधा एकच संच, आणि मूल स्वतः निवडलेल्या कामात बराच वेळ गढलेले. सगळ्यांना एकाच वेळी एकच छापील पान वाटले जात असेल, तर बाहेर काहीही लिहिलेले असो, आत मॉन्टेसरी नाही. आणि महागडी लाकडी साधने हवीतच असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला शंखशिंपले, बिया, पाने, माती यांवर बालवाडी चालवून दाखवली. मुले वर्गात येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणातल्या बालवाडीची हीच कल्पना पुढे नेत १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाड्या उभ्या राहिल्या. जवळची अंगणवाडी न पाहताच यादीतून काढून टाकणे हा निव्वळ प्रतिष्ठेचा विचार आहे. तिथली ताई वीस वर्षे त्याच वस्तीत असेल आणि मुलांशी बोलणारी असेल, तर समोरच्या रंगीत नर्सरीतल्या दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या 'मिस'पेक्षा ती उजवी ठरू शकते.

व्यवहाराचा थर पाहायला शाळेने ठरवलेला स्वागताचा दिवस उपयोगाचा नाही. आठवड्यातल्या साध्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या आगेमागे, तासभर मागे बसू द्या असे सांगावे. साफ नकार मिळाला तर शाळा सुटताना फाटकाशी उभे राहावे. ताई मुलांना कशा हाका मारतात, एवढे तरी कळते. आत बसता आले तर ताईंची वाक्ये ऐकावीत. 'बसा', 'गप्प', 'रांगेत या', 'व्हॉट इज धिस?' यांचीच बेरीज होते का? समजा, सफरचंदाचे चित्र दाखवले असताना एखादे मूल म्हणाले, 'माझ्या आजीकडे मांजर व्यालं.' ताई 'आता इकडे बघ' म्हणतात, की 'हो? किती पिल्लं झाली?' असे विचारतात? दुसऱ्या उत्तरात मूल आठवते, मोजते, वाक्य जुळवते, आणि बाकीची मुले ऐकतात. प्रश्न विचारल्यावर ताई किती थांबतात, हेही पाहावे. तीन वर्षांच्या मुलाला उत्तर गोळा करायला वेळ लागतो, आणि घाईच्या वर्गात ते उत्तर ताई स्वतःच देऊन टाकतात.

माध्यमाचा प्रश्नही इथेच सुटतो. पोट दुखते, त्याने ढकलले, मला आई हवी, हे मूल ज्या भाषेत सांगू शकते, ती भाषा वर्गात चालली पाहिजे. पुढे इंग्रजी माध्यमात घालायचे असले तरी नर्सरीत घरची भाषा बोलायला बंदी करणारी शाळा टाळावी. इंग्रजी गाणी, गोष्टी असाव्यात; पण तक्रार करायची सोय मराठीत, हिंदीत, वारलीत, मुलाची असेल त्या भाषेत हवी.

हा मुद्दा सुरक्षिततेलाही भिडतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला एका शाळेच्या शिशुवर्गातल्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचे उघड झाले. त्यानंतर सरकारने शाळांत सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी यांचे आदेश काढले. कॅमेरा असावाच, पण कॅमेरा स्वच्छतागृहात नसतो. तिथे मुलाला कोण नेते, ती बाई आहे का, पडताळणीचा कागद दाखवाल का, कॅमेऱ्याचे चित्रण कोण पाहते, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. व्हॅनचालकाबद्दलही तेच, आणि उतरवून घेताना शाळेचे कोण दारात असते, हेही.

प्रवेशाच्या कागदांवर फार शब्द नकोत. जन्मदाखल्यावरील नावाचे स्पेलिंग अर्जात तसेच उतरवावे. पुढे शाळाभर तेच चालते. आधार नाही म्हणून शाळेचा प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ज्या शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग आहेत, तिथे वंचित आणि दुर्बल घटकांसाठीची २५ टक्के आरक्षणाची तरतूद त्या वर्गांनाही लागू असल्याचे कायदा सांगतो. राज्यात हे अर्ज ऑनलाइन भरले जातात आणि सोडत निघते. नर्सरी घेतली की पहिलीचा प्रवेश पक्का, असे तोंडी आश्वासन मिळाले तर ते लेखी मागावे. कित्येक पालक याच आश्वासनापोटी नर्सरीची चौपट फी भरतात. साखळीतल्या नर्सरीत मोठ्या नावाचा मालक वेगळा आणि ती शाखा चालवणारा वेगळा असतो. पावती कोणाच्या नावाने मिळते, ते पाहावे.

फी सबंध वर्षाची एकरकमी न भरता सहामाही किंवा तिमाही भरता येते का, ही विचारणा शेवटची वाटली तरी तिचा संबंध मुलाशी आहे. सुरुवातीचे रडणे नैसर्गिक आहे. आईला काही दिवस वर्गात बसू देणारी, वेळ अर्ध्या तासापासून वाढवत नेणारी शाळा ते लवकर निवळवते. पण दिवाळीपर्यंतही मूल सकाळी उलटी काढत असेल, रात्री दचकून उठत असेल, ताईंचे नाव घेतले की गप्प होत असेल, तर त्याला तिथून काढावे लागते, आणि सगळे पैसे आधीच भरलेले असले की हा निर्णय घेणे पालकांना जड जाते.