हिंवाळा, सूर्यप्रकाश आणि गृहिणीचें मन

हिंवाळा म्हटला कीं महाराष्ट्रांतील कुटुंबाच्या डोळ्यांपुढें अंगणांतील कोंवळें ऊन, पहाटेची शेकोटी आणि डिंकाचे लाडू हींच चित्रें उभीं राहतात. हा ऋतु मन खचविणारा असूं शकेल, ही कल्पना आपल्याकडे सहसा कोणास सुचत नाहीं. परंतु उन्हाचें हें धन सर्वच देशांच्या वांट्यास सारखें आलेलें नाहीं. ज्यांना तें कमी लाभलें, त्यांस त्याची किंमत कशी कळली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

नॉर्वे देशाच्या टेलेमार्क भागांत ऱ्युकान नांवाचें गांव आहे. १९०५ सालीं स्थापन झालेल्या नॉर्स्क हायड्रो या कंपनीनें तेथील धबधब्याच्या पाण्यावर वीज निर्माण केली, आणि हवेंतील नत्रापासून खत करण्याचे कारखाने उभारले. पाहतां पाहतां त्या खोल व अरुंद दरींत कामगार आले, त्यांच्या मागोमाग बायकामुलें आलीं आणि गांव नांदूं लागलें. उणीव होती ती एकच. सप्टेंबर संपतां संपतां सूर्य डोंगराआड जाई, तो मार्चच्या मध्यापर्यंत गांवांत किरण म्हणून पडत नसे. माथ्यावर आकाश निळें असे, समोरच्या शिखरावर ऊन चकाके. उंबरठ्यावर मात्र सांवलीच!

१९१३ सालीं ऑस्कर किटिलसेन या हिशेबनिसानें वर्तमानपत्रांतून सुचविलें कीं, डोंगरावर आरसा बसवून ऊन खालीं गांवांत उतरवावें. कल्पना उत्तम, परंतु ती साधण्याची विद्या तेव्हां नव्हती. ऊन खालीं येत नाहीं, तर माणसांनींच वर जावें, असा उपाय मग निघाला. १९२८ सालीं कंपनीनें गांवकऱ्यांसाठीं डोंगरावर रज्जुमार्ग बांधून दिला. तो माल वाहण्यासाठीं नव्हता; भर हिंवाळ्यांत आबालवृद्धांस घटकाभर उन्हांत बसतां यावें, एवढ्याचसाठीं होता. पुढें शंभर वर्षांनीं, २०१३ सालीं, किटिलसेनचें स्वप्नही खरें झालें. गांवाच्या वर सुमारें ४५० मीटर उंचीवर तीन मोठे आरसे बसविण्यांत आले. सूर्याच्या गतीबरोबर ते यंत्रानें फिरतात आणि गांवच्या चौकांत ऊन पाडतात.

ऱ्युकानच्या लोकांनीं जें अनुभवानें जाणलें, त्यास वैद्यकाचा आधार बराच उशिरां मिळाला. १९८० सालीं आल्फ्रेड लेवी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, रात्रीं शरीरांत पाझरणारा मेलाटोनिन नांवाचा स्राव प्रखर प्रकाशानें माणसांतही रोखला जातो. १९८४ सालीं अमेरिकेंत नॉर्मन रोझेन्थाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २९ रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. दर हिंवाळ्यांत खिन्न होणारे आणि वसंतांत पुन्हा टवटवीत होणारे हे रुग्ण. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. या विकारास त्यांनीं ऋतुजन्य विकाराचें स्वतंत्र नांव दिलें. त्याचीं कारणें पूर्णपणें उलगडलीं नसलीं, तरी पुरुषांपेक्षां स्त्रियांत तो अधिक आढळतो, हें पुढील पाहणीनेंही दाखविलें आहे.

या विकाराचीं लक्षणें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. झोंप फार येते, सकाळीं अंथरूण सोडवत नाहीं. गोड खाण्याची वासना वाढते, अंग जड होतें, कामांत व माणसांत मन रमत नाहीं. हीं लक्षणें एखाद्या गृहिणीच्या ठायीं दिसलीं, तर घरचीं माणसें काय म्हणतील? आळशी म्हणतील, घरांत लक्ष नाहीं म्हणतील. दुखण्याला दोषाचें नांव मिळालें कीं औषध राहतें बाजूला आणि बोल मात्र लागतो. घरच्या बाईनें अंथरूण धरलें म्हणजे सारें घरच मंदावतें. म्हणून तिचें दुखणें हें तिच्या एकटीचें राहत नाहीं.

उपाय मात्र फारसे अवघड नाहींत. सकाळच्या प्रहरीं बाहेर पडून चालणें, खिडकीपाशीं बसण्याची जागा करणें, झोंपेची वेळ पाळणें आणि आपल्या माणसांत मिसळणें यांनीं पुष्कळांस आराम पडतो. वैद्य प्रखर प्रकाशाचे खास दिवेही सुचवितात. पण डोळ्यांचा वा मनाचा पूर्वीचा विकार असल्यास ते त्यांच्या सल्ल्यावांचून वापरूं नयेत. औदासीन्य आठवड्यांमागून आठवडे टिकलें किंवा जिवावर उदार होण्याचे विचार येऊं लागले, तर विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें.

आज लेकी-सुना शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं वा संसारासाठीं कॅनडा, इंग्लंड, स्वीडन अशा देशांत राहतात. दुपारीं तीन-चार वाजतांच अंधार पडणाऱ्या गांवांतून त्यांचा आवाज फोनवर मंद येऊं लागला, तर इकडच्या वडीलधाऱ्यांनीं उपदेश करण्यापूर्वीं एक साधा प्रश्न विचारावा, "आज ऊन पडलें होतें का गं?" ऱ्युकानच्या लोकांनीं खिन्न माणसास दोष देत न बसतां डोंगरावर ऊन शोधिलें. घरोघरीं एवढें शहाणपण आलें, तरी पुष्कळ स्त्रियांचा हिंवाळा सुसह्य होईल.